वायपरच्या बाटलीतलं पाणी

तारकर्लीच्या काशीरामला गाडीतली कुठलीही गोष्ट मोडकी चालायची, काच मात्र नाही. सीटचं रेक्झिन उसवलं तर तो वर टॉवेल घालायचा, हॉर्न बसला तर खिडकीतून डोकं काढून हाळी द्यायचा. पण समोरच्या काचेवर माशी बसलेली त्याला खपत नसे. कुडाळ स्टेशनवरून पाहुणे उचलायचे आणि तारकर्लीच्या लॉजांवर आणून सोडायचे, हा त्याचा बावीस वर्षांचा धंदा. त्यात त्याची गाडी एकदाही कुठे घासली नव्हती, आणि याचं सगळं श्रेय तो काचेला द्यायचा. "समोरचा दिसला तर देवपण वाचयता," असं तो नव्या ड्रायव्हरांना सांगे. "नाय दिसला तर तो तरी काय करतलो?"

हीच काच दोन वर्षांपासून त्याच्या मुळावर उठली होती.

समुद्राकाठी गाडी उभी केली की रात्रीत तिच्यावर चिकट पडदा चढतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पाण्याने पुसलं की तो जातो. काशीरामच्या गाडीवर उलटं घडायचं. तो दांडी ओढायचा, बॉनेटजवळच्या दोन भोकांतून फवारा उडायचा, वायपर इकडून तिकडे जायचे, काच क्षणभर लख्ख व्हायची. आणि मैलभर जातो न जातो तोच वारा लागून काचेवर दोन पांढरे अर्धचंद्र उमटायचे. पुन्हा पाणी मारावं तर ते आणखी दाट. वर वायपरचं रबर असं किरकिरायचं की मागचे पाहुणे दात आवळून बसायचे. पुढे पुढे तर ड्रायव्हरच्या बाजूचं भोक बुजलंच. दुसरं होतं, ते काच सोडून वाटेल तिकडे पाणी उडवायचं. एकदा मालवणच्या बाजारात ते एका इस्त्रीच्या सदऱ्यावर उडालं, आणि काशीरामला दहा मिनिटं त्या सदऱ्याच्या मालकाची समजूत काढावी लागली.

उपाय काय कमी केले? रबरं तीनदा बदलली. वर्तमानपत्राने पुसून झालं, चुलीतली राख लावून झाली. कुडाळच्या रिक्षावाल्यांनी तंबाखू चोळायला सांगितली. ती चोळली, आणि दिवसभर गाडीत बसलेला प्रत्येकजण शिंकत उतरला. शेवटी त्याने बायकोचा शाम्पू वायपरच्या बाटलीत ओतला. त्या दिवशी स्टेशनबाहेर गाडीच्या तोंडाला असा फेस आला की सगळा रिक्षास्टँड बघायला गोळा झाला.

दोष कुणाचा, याबद्दल मात्र त्याला शंका नव्हती. खारो वारो. आमच्या किनाऱ्यावर सगळ्या पापांचं खापर फोडायला एवढा एक वारा पुरतो. बिजागरी गंजली, खारो वारो. फ्रीजचं बूड गळालं, खारो वारो. अंघोळीच्या साबणाला फेस येईना, तेव्हाही काशीरामने दोन शब्द दुकानदाराला ऐकवले आणि उरलेले वाऱ्याला.

वायपरची बाटली तो रोज सकाळी स्वतः भरायचा, आपल्या विहिरीचं पाणी ओढून. ती विहीर हा त्याचा दुसरा अभिमान. खरं सांगायचं तर तो अभिमान कमी आणि हट्ट जास्त होता.

वडिलांच्या मागे घर-जमीन दोघा भावांत वाटली गेली, तेव्हा जुनी विहीर थोरल्याच्या वाट्याला गेली. या थोरल्याला घरात आणि वाडीत सगळेच भाई म्हणायचे. पाणी दोघांनी भरायचं असं तोंडी ठरलं होतं, आणि बरीच वर्षं ते सुरळीत चाललंही. मग पाच वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायला लागला. त्याच दिवसांत काशीराम धंद्याच्या भरात दिवसातून दोनदा गाडी धुवत होता. एका दुपारी अंगणात चार पाहुणे उभे असताना भाई गडग्याच्या, म्हणजे दोघांमधल्या दगडी बांधाच्या, पलीकडून म्हणाला, "काशी, बापाशीन ही बाव माणसांसाठी बांदल्यान. गाडयेसाठी नाय."

बोलणं खोटं नव्हतं, म्हणून तर ते लागलं. पाहुण्यांतलं कोणीतरी हसलंही. काशीरामने हातातली बादली तिथेच पालथी केली आणि तुळशीवर हात ठेवून सांगितलं, "आजपासना तुझ्या बावीचो थेंब माझ्या गाडयेक लागाचो नाय, नि माझ्या जिभेकपण."

आपल्याकडे भांडणं बांधावरून होतात, आंब्याच्या फांदीवरून होतात, आणि मिटतातही. पण एकाने दुसऱ्याच्या घरचं पाणी सोडलं की ते नातं गेलं असंच धरतात. मग लग्नाचं बोलावणं जात नाही, आणि मयताला गेलंच तर माणूस अंगणातूनच परत फिरतो. भाईने पुढे दोनदा माणूस धाडला. काशीराम बधला नाही.

त्याच हिवाळ्यात त्याने आपल्या परड्यात नवी विहीर खणली. जागा त्यानेच ठरवली: गडग्यापासून होईल तितकी लांब. भावापासून जितकं लांब तितकं खाडीच्या जवळ, ही गोष्ट खणणाऱ्यांनी त्याच्या कानावर घातली होती, पण ऐकायला कान जाग्यावर हवेत. पाणी मात्र लागलं ते गोड. पहिला पोहरा त्याने सगळ्या वाडीला चाखवला, भाईचं घर सोडून. पुढे कोणीही दारी आलं की तो तांब्या पुढे करून म्हणायचा, "पियून बघा. माझ्या बावीचा." हे वाक्य तो जरा मोठ्यानेच म्हणायचा. गडगा ऐकू जाण्याइतकाच लांब होता.

यंदाच्या एप्रिलात एका संध्याकाळी काशीराम पुण्याचं एक कुटुंब घेऊन कुडाळहून येत होता. मालवणकडे येताना सूर्य समोर असतो, आणि त्याच्या काचेवर त्या वेळी एक अख्खी पिठाची चाळण झटकल्यासारखं दिसत होतं.

"काका, तुम्हाला पुढचं दिसतंय ना?" मागच्या बाईंनी विचारलं.

"दिसतंय हो. आमच्याकडचा वारा खारा, त्याला काय करणार?" काशीराम म्हणाला, आणि बोलता बोलता त्याने दांडी ओढली.

कुंभारमाठच्या वळणावर नेमकं ऊन काचेत घुसलं. पाणी होतं तेवढं पसरलं, वायपर फिरला, आणि सगळी काच ताकासारखी पांढरी झाली. रस्ता गेला, झाडं गेली, काहीच उरलं नाही. त्याने जीव खाऊन ब्रेक दाबला. खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहिलं, तर त्याच्याच वाडीतली राधाबाई, डोक्यावर मासळीची रिकामी पाटी, बॉनेटवर हात टेकून उभी होती. गाडी आणि तिच्यामध्ये वीतभरही जागा नव्हती.

राधाबाई आयुष्यभर मासे विकलेली बाई, तिच्या तोंडाला सगळा बाजार भ्यायचा. पण त्या दिवशी ती ओरडली नाही. तिने पाटी सावरली, काचेकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "काशी, माका भायरसून तू दिसणस नाय. तुका भितरसून मी काय दिसतलंय?"

लॉजवर उतरल्यावर पुण्याचे गृहस्थ हळूच म्हणाले की परतीला ते दुसरी गाडी बघतील. काशीरामने मान डोलावली. तो घाबरला होता. बावीस वर्षं मिरवलेली गोष्ट वीतभर अंतरावर येऊन थांबली होती, आणि थांबली तीही त्याच्या हुशारीने नव्हे, नशिबाने.

घरी येऊन त्याने चंद्रावतीला, बायकोला, सगळं सांगितलं. भात वाढता वाढता तिचा हात थांबला.

"उद्या बाबलीकडे जावा," ती म्हणाली. "पाण्याचा काय ता बघूक सांगा."

"पाण्याचा काय?"

"उडता काय नाय, ता," असं म्हणून ती आमटी आणायला आत गेली, ती जरा वेळानेच बाहेर आली.

बाबलीचं गॅरेज चौक्याला, रस्त्याला लागूनच. दुसऱ्या दिवशी सकाळी काशीराम तिथे पोचला तेव्हा बाबली चहाची वाट बघत होता. त्याने बॉनेट उघडलं, बुजलेल्या भोकात तार घातली आणि आतून एक पांढरा खडा काढला, तांदळाच्या कणीएवढा. तो तळहातावर घेऊन त्याने उन्हात धरला. मेकॅनिकने तोंडात काय घालावं याला काही धरबंध नसतो. त्याने तो सरळ जिभेला लावला.

"मीठ," बाबली म्हणाला. "काशीदादा, बाटलीत दर्याचा पाणी भरतास काय?"

"माझ्या बावीचा आसा ता."

"मगे बाव खारी झाली तुमची."

"खुळावलंस?" काशीरामने सीटखालची पिण्याची बाटली काढली. चंद्रावतीने ती सकाळी निघताना भरून दिली होती. "ताच पाणी मी रोज पितंय. ह्या बघ."

बाबलीने एक घोट घेतला, तोंडात फिरवला. "ह्या गोड आसा," तो म्हणाला. मग त्याने वायपरच्या बाटलीची नळी सोडून पेलाभर पाणी काढलं आणि पेला काशीरामच्या हातात दिला. "आता ह्या घेवा."

काशीरामने घोट घेतला आणि तिथेच थुंकला. मग त्याने पिण्याच्या बाटलीतला घोट घेतला. मग पुन्हा पेल्यातला. मग पुन्हा बाटलीतला. टायर बदलायला आलेला एक माणूस हातातलं काम सोडून त्याच्याकडे बघत राहिला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं काशीरामने आजवर शंभर जणांना ऐकवलं असेल. इथे पोहऱ्यात गोड पाणी होतं आणि आडात नव्हतं.

"खंयतरी पाणी मुरता हां, काशीदादा," बाबली हसत म्हणाला. तो आपला गमतीने म्हणाला, पण काशीरामला काही हसू आलं नाही.

बाबलीने बाटली धुतली, भोकं साफ केली, आपल्या नळाचं पाणी भरून दिलं. फवारा उडाला, वायपर फिरले, काच पुसली गेली आणि तशीच राहिली. चौक्यापासून घरापर्यंत एक डाग उमटला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला रस्ता असा धडधडीत दिसत होता, आणि नेमकं आजच त्याला काही बघायची इच्छा नव्हती. कारण वाडीत आणखी एकच गोड्या पाण्याची विहीर होती, आणि ती कुणाची हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

घरी आल्यावर तो आधी आपल्या विहिरीवर गेला. पोहरा ओढून त्याने तोंडाला लावला. खारट. विहिरीभोवती लावलेल्या माडाच्या रोपांची टोकं करपली होती. तेही त्याने आजवर वाऱ्याच्याच नावावर टाकलं होतं. तिथून तो थेट स्वयंपाकघरात शिरला आणि कळशीवरचं झाकण काढलं.

"खंयचा गो ह्या पाणी?"

चंद्रावतीने हात पदराला पुसले. "तुमका म्हायत आसा खंयचा ता."

"कधीपासना?"

"गेल्याच्या गेल्या शिमग्यापासना." ती खाली बसली. बोलायला लागली तशी तिला हलकं वाटत असावं, कारण ती थांबली नाही. "पेज खारट लागली. तुमी म्हणालात, मीठ जास्त पडला. दुसऱ्या दिवशी मी मीठ घातलंयच नाय, तरी खारट. तुमका सांगाचा कसा, ह्या माका कळाना. नि तेच्या दुसऱ्या दिवशी तुमी कुडाळाक गेलात, तर गडग्यार कळशी भरलेली. बाजूक भाई उभे."

"तेका कोणी सांगल्यान? तू?"

"कोणीच नाय. गाडयेन सांगल्यान. तुमी गाडी धुवन लावलात, ती सुकली, नि काचेर पांढरा फुटला. ता तेंनी गडग्यापलीकडसून बघल्यानी. म्हणाले, चंद्रा, तुमची बाव खारी झाली. तेका सांगू नको. तो तहानेन मरतलो, पण माझा पाणी पिवचो नाय."

काशीरामने कळशीवर झाकण परत ठेवलं.

"मी म्हणालंय, भाई, तेंची तुळशीची शपथ आसा. तर म्हणाले, शपथ तेची, मोडतव आपण. पाप लागला तर माका लागांदे, मी थोरलो आसंय."

"नि गाडी?" काशीरामचा आवाज चढला. राग कुणावर काढावा हे त्याला कळत नव्हतं. "काल ती राधाबाय मेली असती तर?"

"रोज पहाटेक कळशी भरून देतत, तेवा गाडयेच्या बाटलीतपण आमच्याच बावीचा पाणी घाल म्हणान तेंनी चारदा सांगलेल्यानी. तेची काच बघून माका भय वाटता, म्हणाले. मी दोनदा करून बघलंय. पण ता झाकाण माका उघडूक येणा नाय. एकदा तर बोट चिमटला."

काशीरामला हसू आलं आणि ते मध्येच अडकलं. बायको रोज पहाटे त्याच्या पाठीमागे त्याची शपथ मोडत होती, ती त्याला जगवायला. आणि शेवटी उघडी पडली ती बॉनेट उघडता येईना म्हणून.

तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. दोन वर्षं. गेल्या गणपतीत तो तापाने फणफणला होता तेव्हा तोंडात घातलेलं पाणी, रोजची पेज, रोजचा चहा. आणि दारी आलेल्या प्रत्येकासमोर केलेला तांब्या. माझ्या बावीचा, पियून बघा. भाईचंच पाणी त्याने भाईला ऐकू जाईल अशा आवाजात आपलं म्हणून मिरवलं होतं, आणि गडग्यापलीकडून त्या माणसाने एकदाही खाकरून दाखवलं नव्हतं. काशीरामला लाज वाटली. अशी लाज की डोळे मिटले तरी ती दिसत राहिली.

वाट काढायची तर वाट होती. नकळत प्यायलेल्या पाण्याचं पाप लागत नाही, असं कुठल्याही भटाने त्याला सांगितलं असतं. काही झालंच नाही असं समजून चंद्रावतीने पुढेही कळशी भरावी, आणि त्याने पुढेही ती न विचारता प्यावी. दोन घरं चालली होती तशी चालली असती. पण आता त्याला माहीत होतं. यापुढचा घोट त्याचा स्वतःचा असणार होता. आणि सकाळपासून तीनदा मिठाचं पाणी तोंडात घेतल्यामुळे त्याचा घसा सुकून लाकूड झाला होता. आत कळशी भरलेली होती. तो उठला आणि चपला घालून बाहेर पडला.

गडग्यावरून टांग टाकली असती तर चार पावलांत पोचला असता. तो रस्त्याने वळसा घालून, परक्यासारखा, पुढच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, आत गेला. भाई खळ्यात, घरापुढच्या अंगणात, सावलीला बसून माडाची झावळं विणत होता. सत्तरीला आलेला माणूस, पण बोटं अजून झपझप चालत होती. पाच वर्षांत भाई इतका वाळला असेल हे गडग्यावरून कधी कळलं नव्हतं. त्याने वर पाहिलं, हातातलं झावळ बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "बस."

काशीराम बसला. आतून नर्मदावैनी बाहेर आली ती सवयीने तांब्या-भांडं घेऊनच. दारात माणूस आला की आधी पाणी, मग कोण आणि कशासाठी, ही आमच्याकडची रीत. ती दोन पावलं पुढे आली, आणि भाईने हात वर केला.

"ठेव गो ता. तेची शपथ आसा."

यात टोमणा नव्हता. एखाद्याचा उपास आहे म्हणून सांगावं, तितक्या सरळपणे तो म्हणाला. नर्मदावैनीने तांब्या मागे घेतला. काशीरामची शपथ काशीरामच्या तोंडावर राखायला त्या घरात अजून माणूस होता.

वाटेत त्याने बोलायचं बरंच जुळवलं होतं. माझा चुकला, म्हणायचं होतं. राधाबाईचं सांगायचं होतं. चंद्रावतीला बोल लावू नको, असंही कुठेतरी घालायचं होतं.

"वैनी," तो म्हणाला, "माका तहान लागली."

नर्मदावैनीने नवऱ्याकडे पाहिलं. भाईने मांडीवरचे झावळाचे तुकडे झटकले. मग गुडघ्यावर हात टेकून उठला.

"घरातला नको," तो म्हणाला. "थांब."

तो विहिरीवर गेला आणि पोहरा सोडला. काशीरामही मागोमाग गेला. रहाट कुरकुरला. पाणी खोल गेलेलं होतं. दोर ओढताना भाईला दोनदा थांबून दम घ्यावा लागला. पुढे होऊन दोर हातात घ्यावा असं काशीरामला वाटलं. पण रोज हे पाणी याच हातांनी ओढलेलं त्याच्यापर्यंत येत होतं, आणि ते बघायचं त्याचं राहून गेलं होतं. म्हणून तो बघत उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले, ते त्याने पुसले नाहीत.

पोहरा वर आला. काशीरामने वाकून ओंजळ पुढे केली आणि भाई वरून ओततो तसा तो पीत राहिला. पाणी कोपरांवरून खाली गळलं, सदरा भिजला, तरी तो थांबला नाही. पोहरा संपला तेव्हा त्याने तोंड पुसलं. पाच वर्षांनंतर काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला, "गोड आसा."

"कालचा पण गोडच होता," भाई म्हणाला, आणि त्याने पोहरा पुन्हा विहिरीत सोडला.